कपाटातली सनद

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट उभा राहतो. ‘तो मी नव्हेच’ पाहून मोठी झालेली आमची पिढी तर कोर्टाला अर्धं नाटकगृहच समजत आली. साक्षीदाराला कोंडीत पकडायचं, आवाज चढवायचा, मध्येच चष्मा काढून न्यायाधीशांकडे पाहायचं. माझ्या नोकरीत ज्या वकिलाशी माझा सगळ्यात जास्त संबंध आला, त्यांनी यातलं काहीही कधी केलं नाही. इतकंच नव्हे, कोर्टात उभं राहण्याची त्यांना मनाईच होती. तरी शिपायापासून क्षेत्रीय व्यवस्थापकांपर्यंत सगळी कचेरी त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणायची. पगाराच्या चिठ्ठीवर हुद्दा होता, विधी अधिकारी.

बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या, महापालिका, मोठे कारखाने, सगळीकडे अशी माणसं असतात. त्यांना अशील एकच, आणि तोच त्यांचा मालक. बाहेरचा वकील भांडण झाल्यावर येतो. घरातल्या वकिलानं भांडण होऊच नये म्हणून आधी बसायचं असतं. आता न झालेलं भांडण दाखवायचं कुणाला? शाखेनं ठेवी वाढवल्या तर आकडा दिसतो, कर्ज वाटलं तर आकडा दिसतो. वकीलसाहेबांनी एक सही कमी आहे म्हणून कागद परत पाठवला, आणि त्यामुळे पुढली दहा वर्षं बँक कोर्टात गेली नाही, याचा आकडा कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, स्टेशनरीच्या गोदामाला लागून होती. आत एक लोखंडी कपाट, फायलींच्या चळती, टॅनन आणि मुल्ला यांचे जाडजूड ग्रंथ. दिवसभर काम वाचायचं. सातबारा, फेरफार, खरेदीखतं, भागीदारीचे करार, मुखत्यारपत्रं. जुना दस्त मोडीत असला की इतर जण मोडीवाचक शोधत फिरायचे. वकीलसाहेब वडिलांकडून मोडी शिकले होते. भिंग घेऊन ते खिडकीपाशी बसत आणि तासाभरानं म्हणत, “साहेब, यात आणखी एक चुलता आहे.”

त्यांच्या टेबलावर एक लांबट डायरी असे. तिचं महत्त्व बँकेबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. कर्जाच्या साध्या कागदाला मुदतीच्या कायद्यानं तीन वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात दावा लावला नाही, कर्जदारानं काही भरलं नाही किंवा ‘हे देणं मला मान्य आहे’ असं सही करून दिलं नाही, तर कागदाची रद्दी. पैसे बुडाले असं नाही, ते मागण्याचा हक्क बुडाला. म्हणून तीन वर्षं पुरी व्हायच्या आत ती मान्यतेची सही घ्यायची असते. आम्ही शाखावाले विसरत असू. वकीलसाहेबांचा फोन यायचा, “साहेब, अमुक कर्जाचे अठरा दिवस राहिलेत.” मग आम्ही मोटारसायकल काढून कर्जदाराच्या मळ्यावर. त्या डायरीनं बँकेचे किती पैसे वाचवले याचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यांनीही नाही.

आणखी एक गंमत सांगतो. जमिनीचे मूळ कागद बँकेकडे ठेवून गहाण करता येतं, मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं ती सोय १८८२पासून आहे. जमीन कुठलीही चालते, कागद ठेवण्याची क्रिया मात्र सरकारनं अधिसूचित केलेल्या शहरातच व्हावी लागते. म्हणजे जमीन आमच्या तालुक्यात, कर्जदार तिथला, मीही तिथला, आणि आम्ही दोघे कागदांची पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.नं शहराला. तिथल्या शाखेत पिशवीतून कागद काढायचे, तोंडी सांगायचं, आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशीच्या तारखेनं करायची. त्याच दिवशी केली तर तो कागदच गहाणखत ठरण्याचा धोका. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. वकीलसाहेब हसले नाहीत. “देवाची पूजा असते तशी ही, साहेब. क्रम चुकला की फळ नाही.”

आता सनदेविषयी. सरकारी बँकांत विधी अधिकाऱ्याच्या भरतीची जाहिरात पाहा. कायद्याची पदवी हवी आणि बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणीही हवी. म्हणजे सनद असल्याशिवाय नोकरी नाही. आणि नोकरीवर हजर झालात की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ४९वा नियम सांगतो की पूर्ण वेळ पगारी नोकरानं वकिली करायची नाही, कौन्सिलला कळवायचं आणि थांबायचं. ज्या पात्रतेवर आत घेतलं, ती उंबऱ्यात काढून ठेवायची! हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या एका विधी अधिकाऱ्यानं याविरुद्ध शेवटपर्यंत झुंज दिली. त्याच्या मंडळाची हरकत नव्हती, बार कौन्सिलची होती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं कौन्सिलचंच म्हणणं उचलून धरलं.

आमच्या वकीलसाहेबांनी १९८३ साली सनद स्थगित केली. दोन वर्षं जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढली होती, पण घरी दोन धाकटे भाऊ शिकायचे होते आणि बँकेचा पगार पहिल्या तारखेला येत होता. सनद त्यांनी त्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. पुढे त्यांच्याच बरोबरीचे वकील बँकेच्या पॅनेलवर आले, मोटारीतून उतरून खोलीत फीची बिलं घेऊन येऊ लागले. ती तपासून मंजुरीला पाठवायचं काम यांचं. एका सुनावणीची फी कधीकधी त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या वर असे. वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर सात वर्षांची वकिली लागते. बँकेत कायदा वाचण्यात गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत.

इथवर लिहिलं ते कोणीही लिहू शकेल. मला लिहायचं आहे ते १९९७च्या मार्चबद्दल.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यात, द्राक्षांच्या तालुक्यात शाखा व्यवस्थापक होतो. बेदाण्याच्या शीतगृहासाठी अठ्ठेचाळीस लाखांचा प्रस्ताव आला. माणूस कष्टाळू, गावात वजन असलेला. जमीन बिगरशेती झालेली, मोक्याची, रस्त्याला लागून. सातबारावर त्याचं एकट्याचं नाव. पॅनेलवरच्या वकिलानं शोध घेऊन मालकी निर्वेध असल्याचा दाखला दिला. एकतीस मार्च बारा दिवसांवर, आणि माझं वर्षाचं उद्दिष्ट बरोबर चाळीस लाखांनी कमी. वाचकांपैकी कुणी बँकेत काढली असतील तर त्यांना पुढचं सांगायला नको.

क्षेत्रीय कार्यालयातून वकीलसाहेबांचा शेरा आला, दोन ओळींचा. वडिलांच्या मृत्यूनंतर १९७१ साली झालेल्या फेरफारात अर्जदाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं आहे. सर्व वारसांनी गहाणात सामील व्हावं किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र सादर करावं.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही तीन अक्षरं निजून असतात. बाप गेला की थोरल्याचं नाव लावायचं, पण मालक म्हणून नव्हे, सगळ्यांच्या वतीनं. बहिणींची नावं फार तर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात. पुढे सातबाराचं पुनर्लेखन होतं, ती अक्षरं गळतात, रकाना कोरा होतो आणि थोरला एकटाच मालक दिसू लागतो. पॅनेलच्या वकिलानं अलीकडचे सातबारे पाहिले होते. आमच्या माणसानं १९७१पर्यंत मागे जाऊन पाहिलं. अर्जदाराला एक धाकटा भाऊ आणि दोन लग्न झालेल्या बहिणी होत्या.

मी तडक क्षेत्रीय कार्यालय गाठलं. “वकीलसाहेब, सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत. ‘याला अधीन राहून’ असं काहीतरी लिहा ना. मार्ग काढा.”

“अधीन राहून म्हणजे काय, साहेब?” ते शांतपणे म्हणाले. “तिघांच्या सह्या आणा. सुखी असतील तर देतील.”

“आणि नाही दिल्या तर?”

“मग सुखी नाहीत, एवढं आपल्याला आजच कळेल.”

त्यांच्या या बोलण्याचा मला राग आला हे कबूल करतो. मग मार्ग मीच काढला. कर्जदाराकडून प्रतिज्ञापत्र घेतलं की आपण एकटेच मालक आहोत, आणि हमीपत्र घेतलं की कुणी हरकत घेतल्यास भरपाई करू. पॅनेलच्या वकिलानं ‘हे पुरेसं आहे’ असं पुन्हा लिहून दिलं. क्षेत्रीय व्यवस्थापकांनी एकोणतीस मार्चला मंजुरी दिली. ज्याच्या हक्काविषयी शंका, त्याच्याच शब्दावर ती शंका मिटवायची, असा तो मार्ग होता. त्या वर्षीची क्षेत्रातली ढाल आमच्या शाखेला मिळाली. तिच्याबरोबर काढलेला फोटो घरी आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती बाहेरच्याला सहज दिसत नाही. वकीलसाहेबांचा वार्षिक गोपनीय अहवाल क्षेत्रीय व्यवस्थापक लिहीत. ज्या साहेबाच्या प्रस्तावांना नकार द्यायचा, त्याच साहेबानं वर्षअखेर ठरवायचं की हा माणूस ‘सहकार्य करणारा’ आहे की नाही. ‘अडवणुकीची वृत्ती’ हे शब्द त्या काळी अशा अहवालांत फिरत असत. पगारी वकील मालकापुढे स्वतंत्र राहू शकत नाही, अशी शंका धरून कायद्यानं त्याला कोर्टाबाहेर ठेवलं. ती शंका अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तो स्वतंत्र राहावा म्हणून कार्यालयात काय करायचं, याचा विचार कुणी केला? निदान त्याचा अहवाल मुख्य कचेरीतल्या विधी विभागानं लिहायचा, एवढी साधी व्यवस्था तरी? आमच्याकडे माझ्या काळात ती नव्हती.

शीतगृह तीन हंगाम चाललं. २००१ साली कर्ज थकलं. २००२ साली सरफेसी कायदा आला आणि बँकांच्या हाती कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचं हत्यार आलं. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात छापावी लागते. लहान टायपातल्या त्या चौकटी आपण सगळेच ओलांडून पुढे जातो. २००३ साली कर्जदाराच्या धाकट्या बहिणीच्या मुलानं ती चौकट वाचली.

मी तोवर बदलीनं क्षेत्रीय कार्यालयात आलो होतो. एके दुपारी बाई मुलाला घेऊन आल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने फेरफार. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असावं.

“तुमीच का त्या वेळचं म्यानेजरसाहेब?”

“हो, ताई. बसा.”

बसल्या नाहीत. “भावानं इचारलं न्हाई, ते मला समजतंय. त्यो भाऊ हाय. पर ब्यांकेला तर माझ्याशी वाकडं न्हवतं. ब्यांकेनं तरी इचारायचं.”

त्यांच्या पतीला जाऊन चार वर्षं झाली होती. माहेरच्या जमिनीतला वाटा मागायचं त्यांनी मनात आणलं, तेव्हा तो वाटा आमच्याकडे गहाण निघाला. त्यांनी दिवाणी दावा लावला. आठ वर्षांनी, २०११ साली, तडजोड झाली. बँकेला सगळं मुद्दलसुद्धा मिळालं नाही. बाईंना पैसे मिळाले, त्या वेळी मुलाचं शिक्षण अर्ध्यावर सुटून गेलेलं होतं. भावाबहिणीचं येणंजाणं संपलं ते संपलंच.

दावा लागल्यावर बँकेत चौकशी सुरू झाली. पॅनेलच्या वकिलाला पॅनेलवरून काढलं, विषय संपला. (अशा बाहेरच्या वकिलावर नुसतं मत चुकलं म्हणून फौजदारी लादता येत नाही, कटात त्याचा हात असल्याचा पुरावा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हैदराबादच्या एका गृहकर्ज प्रकरणात म्हटलं. ते योग्यच आहे.) आत असलेल्यांना मात्र खुलाशाच्या नोटिसा आल्या. मला आली, आणि वकीलसाहेबांनाही आली! तुमची हरकत डावलली गेली तर तुम्ही मुख्य कचेरीला का कळवलं नाही, असा त्यांना प्रश्न. वरिष्ठांना ओलांडून कळवलं असतं तर त्याचीही नोटीस आलीच असती.

मी खुलासा लिहिला. त्यात एक वाक्य होतं, “विधी अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करूनच प्रतिज्ञापत्र व हमीपत्र घेण्यात आले.” विचारविनिमय झाला होता की नाही? झाला होता. मी विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं होतं. त्यानंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या काहींना बक्षिसंही मिळाली, पण इतकं सफाईदार वाक्य मला पुन्हा साधलं नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि वाचणाऱ्याला कळत होतं ते सगळं खोटं. चौकशी अधिकाऱ्यानं अर्थ लावला की विधी अधिकाऱ्याची मूक संमती होती. आम्हा दोघांनाही ताकीद मिळाली. त्याच वर्षी त्यांची बढतीची मुलाखत होती, ताकिदीमुळे ती हुकली. माझी बढती दोन वर्षांनी झाली.

आता काळ बदललाय असं म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीला बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयापासून कायद्याच्या शिक्षणाला वेगळं वळण लागलं. त्या वळणाची हुशार मुलंमुली आज सरळ कंपन्यांत जातात. माझ्या एका मित्राची मुलगी मुंबईत मोठ्या कंपनीची कायदाप्रमुख आहे. तिची खोली गोदामाशेजारी नाही, व्यवस्थापकीय संचालकांच्या शेजारी आहे. करार वाचण्याआधी ती धंदा समजून घेते, कारखान्यात जाऊन येते, ताळेबंद वाचते. ती म्हणते, “काका, नुसतं नाही म्हणणारा वकील कुणालाच नको असतो. नाही म्हटलं की लगेच दुसरा रस्ता दाखवावा लागतो.” हे ऐकून मी जरा गप्प झालो. रस्ता तर वकीलसाहेबांनीही दाखवला होता, तीन सह्यांचा. तो लांबचा होता, एवढंच.

पण तिचीही एक काळजी आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहावं, ही तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. पगारी वकिलाला हे कवच मिळतं का? मुंबई उच्च न्यायालयानं मागे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात मिळतं असं धरलं होतं. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पगारी वकील हा वकिली करणारा वकील नव्हे, म्हणून अशील-वकिलाचं ते पूर्ण कवच त्याला नाही. युरोपच्या न्यायालयानंही २०१० साली, स्पर्धाविषयक चौकशीपुरता का होईना, असाच कौल दिला होता. इंग्लंड-अमेरिकेत मात्र पगारी वकिलालाही ते मिळतं. मला याची भीती वाटते ती अशी. घरच्या वकिलानं ‘हे करू नका’ असं लिहिलेलं उद्या तपास यंत्रणेच्या हाती पडणार असेल, तर साहेब म्हणतील, लिहू नका, तोंडी सांगा. आणि तोंडी सांगितलेल्या नकाराचं काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे. निदान वकीलसाहेबांच्या त्या दोन ओळी फायलीत होत्या म्हणून बाईंच्या दाव्यात बँकेला निखालस खोटं बोलता आलं नाही.

वकीलसाहेब साठीला निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सनद पुन्हा चालू करून घेतली. पंचवीसहून अधिक वर्षांनी काळा कोट शिवला. तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसू लागले. बाईंचा दावा तेव्हा चालूच होता. बाईंचा वकील त्यांच्याकडे आला, तुम्हीच तो फेरफार शोधलात, तुम्हीच आमच्यातर्फे उभे राहा म्हणाला. त्यांनी नकार दिला. बँकेला दिलेला सल्ला हा बँकेचा, त्यावर आपण दुसऱ्याची फी घ्यायची नाही, म्हणाले. ज्या बँकेनं त्यांना ताकीद दिली तिच्याबद्दल हे.

मी त्यांना भेटायला गेलो तो त्याच सुमारास. कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बाकावर बसलो होतो. मला खुलाशातल्या त्या वाक्याबद्दल बोलायचं होतं, पण सुरुवात सुचत नव्हती. शेवटी कसंबसं म्हटलं, “चौकशीच्या वेळी मी एक वाक्य लिहिलं होतं, वकीलसाहेब.”

“वाचलं होतं मी,” ते म्हणाले. “प्रत आली होती माझ्याकडे.”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत.”

“त्यात कायद्यानं चूक काही नव्हतं.” थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “तो एकाहत्तरचा फेरफार तुम्ही पाहिलात का कधी, साहेब? स्वतः?”

मी नाही म्हटलं. तेवढ्यात पट्टेवाल्यानं त्यांच्या पक्षकाराच्या नावाचा पुकारा केला. बांधाच्या भांडणाचा कसलासा अर्ज होता. त्यांनी गळ्यातला बँड नीट केला, कागद काखेत घेतले आणि घाईघाईनं पायऱ्या चढून आत गेले.